बिरूचा चेनसेट

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात सल्ला देणारे शंभर होते आणि ऐकणारा एकच होता, भोळा बिरू.

बिरूने मोटरसायकल घेतली. पारावरचे म्हणाले, "गाडी पळाली पाहिजे. मागचं दातेरी चाक लहान लाव." ज्यांनी सांगितलं त्यांच्यापैकी एकाकडेही गाडी नव्हती. बिरूने बाजारात मिळेल तेवढं लहान चाक लावलं. गाडी सपाटीवर सुसाट पळू लागली. चढावर मात्र धापा टाकू लागली आणि उतारावर आवरेना.

बिरूची बायको फुला घाटावरची. माहेरी जाताना तिने अर्धा घाट गाडी ढकलली. परत येताना पहिल्या वळणाला डोळे मिटले आणि दुसऱ्या वळणाला उडी मारली. तशीच चालत माहेरी परतली. म्हणाली, "गाडी घाटाजोगी करा, मग न्यायला या. तवर मी हितनं हलत न्हाई."

बिरूला घर खायला उठलं. चहासुद्धा नीट जमेना. तो दस्तगीर मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री म्हणाला, "घाटात पळ नको, ओढ पायजे. दातेरी चाकं आशी पायजेत: मागचं मोठं, पुढचं लहान. मंग चढ बी चढंल आन उताराला गिअरमधी सावकाश बी उतरंल."

"आसं व्हय!" बिरू म्हणाला. मिस्त्रीने मागचं दातेरी चाक मोठं बसवून दिलं.

आता सासुरवाडीला रिकाम्या हाताने कसं जायचं? बिरूने ओझं बांधायला घेतलं. मागचं मोठं, पुढचं लहान. मागे शेंगांचं भरलं पोतं बांधलं आणि पुढे टाकीवर एक लिंबू ठेवलं. पहिल्याच चढाला पुढचं चाक आभाळाकडे बघू लागलं. पोतं खाली, पोत्यावर बिरू आणि बिरूवर गाडी. लिंबू तेवढं सापडलं नाही.

"आरं शहाण्या, मी चाकाचं सांगितलं हुतं!" लंगडत परत आलेल्या बिरूवर मिस्त्री ओरडला. "ओझं थोडं घ्यावं आन करकचून आवळावं. तसूभर हलता कामा नये."

"आसं व्हय!"

बिरू घरी आला. गाडीभोवती फिरून काय हलतंय ते बघू लागला. बघतो तर चेन हलत होती. त्याने पान्याला पाय लावून ती करकचून आवळली. चेन तसूभर हलेना. चाकही हलेना. बिरू खूश झाला. मग त्याने गाडी सुरू करून जोर दिला. दोन-चार दाते वाकले आणि चेन तुटून अंगणात पडली.

तुटलेली चेन बघून मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "चेनला दोन बोटं ढील लागती रं बाबा! आता चेन, पुढचं चाक, मागचं चाक, तिन्ही एकदम, सगळा चेनसेटच बदलू. ध्यानात ठेव, एक नवं आन बाकी जुनं, आसं कवा करायचं न्हाई. जुनं नव्याला खातं."

"आसं व्हय!" बिरूने हे मनात पक्कं केलं.

या खेपेला त्याने एकच भोपळा नेला. दोरीला दोन बोटं ढील ठेवली. दुसऱ्या वळणाला भोपळा दरीत गेला. बिरू मात्र वर पोचला, न थांबता, न ढकलता.

फुला अंगणातून बघत होती. तिने मागे बसून दोन वळणं उतरून पाहिली. डोळे मिटावे लागले नाहीत. "झ्याक उतरती की वो!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खुलला. महिनाभर तीही वाटच बघत होती. आईने तिची ओटी भरली. बापाने, यमाजीने, नवी हिरवी साडी दिली. ती नेसून फुला गाडीवर बसली.

बिरूने वळून पाहिलं. किकवरचा पाय खाली घेतला.

"उतर," तो म्हणाला.

"का वो?"

"साडी नवी हाय." मग तो यमाजीकडे वळला. "मामा, साडी नवी हाय. बायकू चार वर्सांची जुनी. नवरा बी तेवढाच जुना. आसं चालत न्हाई. तिन्ही एकदम बदलाय पायजे. जुनं नव्याला खातं."

अंगणातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. फुला खाली उतरली आणि घरात गेली. दार लागलं.

यमाजीने डोक्यावरचं मुंडासं नीट केलं. "बरं पावणं," तो शांतपणे म्हणाला. "साडी तर नवी घेतलीच हाय. लेक माजी हाय तीच चांगली हाय. नवरा तेवढा बघतो."

बिरूला हायसं वाटलं. एवढा समजूतदार सासरा त्याने पाहिला नव्हता.

"बघा मामा," तो म्हणाला. "गावला की निरोप धाडा. घाटाखालचा आसंल तर मीच आणून सोडीन त्याला. गाडी आता झ्याक चढती."

आणि बिरू घाट उतरला, एकटा, अगदी सुखरूप.