न बोलावता आलेली कडेजाई

फार फार वर्षं झाली त्याला. आपल्या कातळवाडीत तेव्हा बुधाई नावाची म्हातारी झाडपाल्याचं औषध द्यायची. वरच्या कड्यावर, दगडाच्या फटीत, कडेजाईचं झुडूप होतं. उन्हाळ्यात ते वाळून जायचं, पण मूळ जिवंत राहायचं, आणि दरवर्षी त्याच फटीतून पांढरी फुलं यायची. पान चावलं की मोहरीसारखं झणझणायचं. त्या पानानं कसलाही ताप उतरायचा, असं म्हणतात.

पण बुधाईची एक रीत होती. आदल्या संध्याकाळी कड्यावर जायचं, झुडपापुढे तांदूळ ठेवायचे आणि आजाऱ्याचं नाव सांगून आवतण द्यायचं. पान तोडायचं ते दुसऱ्या दिवशी, ऊन पडल्यावर. तिला हे तिच्या आईनं शिकवलं होतं, आणि त्यात कधी खंड पडला नव्हता.

एका वर्षी तिच्याच नातीला, चिमीला, ताप भरला. दुपारीच पोर डोळे फिरवू लागली. चिमीची आई कोंडी, म्हणजे बुधाईची लेक, पाया पडली. "आये, आत्ताच पानं आन गं. तांदूळ मागनं ठिव."

"येडी का काय तू? बिनआवतनाची आनली तर ती रुसती. गुन येत न्हाई."

मला विचाराल तर बुधाईचं चुकलं. पण मायेपोटी चुकलं हो. नातीच्या औषधात तिला काही कमी राहू द्यायचं नव्हतं. संध्याकाळी तिनं घरातले सगळ्यात चांगले तांदूळ वर नेले. सकाळी पानं घेऊन ती धावत उतरली, तेव्हा चिमी कोंडीच्या मांडीवर गार पडली होती.

बुधाई तशीच माघारी कड्यावर गेली. "येवढंसं लेकरू व्हतं. एक डाव न बोलावता आली असतीस तर काय झालं असतं गं?" असं म्हणत ती इतकी रडली की खाली वाडीत ऐकू गेलं, असं म्हणतात.

पुढच्या वर्षी कडेजाई कडा उतरली. खडकाच्या फटीफटीतून फुलत फुलत थेट बुधाईच्या उंबऱ्यापाशी आली. न बोलावता आली, पण वर्षभर उशिरा. बुधाईनं त्याच दिवशी तांदूळ कड्यावर नेले आणि वाडीतल्या सगळ्या पोरांचं आवतण आधीच देऊन टाकलं.

अजूनही फुलं आली की सगळी वाडी तांदूळ घेऊन कड्यावर जाते आणि पोरासोरांची नावं घेऊन वर्षाचं आवतण आधीच देऊन ठेवते. मग पोर आजारी पडलं की कुणी संध्याकाळची वाट बघत नाही. त्याला बुधाईचं आवतण म्हणतात. त्यात सगळ्यात पहिलं नाव घेतात ते चिमीचं.