कवठावरचा लाल डाग

जनावरं कवठाने फुटबॉल खेळत, त्या काळातली ही गोष्ट. चेंडूला शेपटी लागली की गोल रद्द. म्हणून सामन्याआधी वानरांच्या शेपट्यांना तेलात कालवलेला गेरू फासत. बेडकांना शेपटीच नाही, तेव्हा ते सुटले.

करवंटीचा चषक वानरांनी एक-शून्य असा जिंकला, तरी झुपकेराव वानर तावातावाने भांडत होते. जन्मभर फांदीवर बसून त्यांनी सामने पाहिले होते. खेळातलं त्यांना सगळं कळे.

"पंच झालेल्या बगळ्याला डोळे आहेत का? आपला पहिला गोल शेपटी लागली म्हणून रद्द केला! लागलीच नव्हती!"

"जिंकलात ना? मग आता कशाला?" हरलेल्या बेडकांचा म्होरक्या डबकू म्हणाला.

"न्याय म्हणजे न्याय! आणा ते कवठ. लाल डाग दिसला तर मिशी उतरवीन."

बगळ्याने कवठ त्यांच्या हाती दिलं. झुपकेरावांनी ते फिरवलं. एक डाग दिसला. आणखी फिरवलं, तर दुसराही दिसला. रद्द झालेला गोल तर एकच होता.

झुपकेरावांनी दुसरा डाग हळूच बोटांनी पुसून टाकला.

"एक डाग आहे बुवा. गेली माझी मिशी!" ते अगदी आनंदाने म्हणाले. "पंचांचंच बरोबर. त्यांच्यावर शंका घेणं शोभत नाही आपल्याला."

मग त्यांनी चषक डोक्यावर उंच धरला. खालून सगळे बेडूक बघत होते. करवंटीवर पाच लाल बोटं उमटली होती.