वाकड्या स्ट्रॉबेरीचं कोडं

हिवाळ्यात जिथं धुकं शेतातच मुक्काम ठोकतं, अशा एका डोंगरमाथ्यावरच्या गावात हौसा नावाची शेतकरीण राहत होती. सारं गाव स्ट्रॉबेरी पिकवायचं. एका वर्षी व्यापाऱ्याने जास्त माल मागितला, म्हणून लोकांनी बांधांवरची रानझुडपं तोडून तिथंही रोपं लावली.

त्या हंगामात फळं धरली खरी, पण निम्मी वाकडीतिकडी, एका अंगाने चेपलेली. व्यापारी ती घेईना. कुणी रोपांना नावं ठेवली, कुणी पाण्याला.

हौसाला मात्र एक गोष्ट स्वस्थ बसू देईना. तिच्या शेतात ओढ्याकडच्या दोन ओळींत फळं सुबक होती. रोपं तीच, पाणी तेच, मग असं का? तिने एक वाकडं फळ डोळ्यांजवळ धरलं. चेपलेल्या बाजूच्या बिया अगदी बारीक, पोचट होत्या.

मग ती दोन दिवस शेतात नुसती बसून राहिली. ओढ्याकाठच्या न तोडलेल्या झुडपांतून मधमाश्या यायच्या, कडेच्या फुलांवर बसायच्या आणि तिथूनच माघारी फिरायच्या. माशी जिथं पोचत नव्हती, तिथलं फूल अर्धंमुर्धंच फळत होतं.

तिने नवऱ्याला सांगितलं, "मधल्या दोन ओळी काढून तिथं मोहरी पेरू या."

नवरा कचरला. ज्याची रोपं जास्त त्याचा माल आधी उचलणार, असं व्यापाऱ्याने बजावलं होतं. पण हौसाने ती उभी रोपं उपटली, आणि बांधावर पुन्हा फुटलेल्या झुडपांना हात लावला नाही.

महिन्या-दीड महिन्यात मोहरी पिवळीधमक फुलली. मधमाश्या शेताच्या मध्यापर्यंत येऊ लागल्या. त्यानंतरच्या तोडणीला फळं भरीव, टपोरी निघाली.

व्यापारी चकित झाला. "कोणतं औषध मारलं, हौसाबाई?"

"औषध नाही मारलं. इथं घटकाभर उभे राहा, दिसेल."

तो मोहरीपाशी उभा राहिला. आधी नुसती गुणगुण ऐकू आली, मग एकेक माशी दिसू लागली. संध्याकाळी त्याने स्वतःच घरोघरी जाऊन सांगितलं, की बांधांवर रानझुडपं वाढू द्या, मला थोडा कमी माल चालेल.

तात्पर्य: नुसती रोपं वाढवून पीक वाढत नाही, त्या पिकासाठी न सांगता राबणाऱ्या जिवांनाही शेतात जागा ठेवावी लागते.