चुनीचं घुंगरू टाकीत पडलं

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चुनी. चुनीकडे होतं एक घुंगरू. पितळेचं, पण काळंकुट्ट. बैलाच्या गळ्यातून पडलेलं. ते वाजवल्याशिवाय चुनीला झोपच येत नसे.

अंगणात हौसामावशीची जुनी फटफटी होती. मावशीने तिची पेट्रोलची टाकी काढून ठेवली होती. टाकी रिकामी. आत गंजच गंज.

चुनी टाकीवर चढली. घुंगरू हातातून सुटलं. टण्! गडप!

"टाकीताई, टाकीताई, माझं घुंगरू दे ना!"

टाकी म्हणाली, "माझ्या पोटात गंज. घुंगरू बसलं अडकून. चिंच आण. गंज निघेल, तर घुंगरू देईन."

चुनी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

"चिंचताई, चिंचताई, खाली पड ना! टाकी घुंगरू देईना!"

चिंच म्हणाली, "मी इतक्या उंचावर! वारा हलवेल, तर पडेन."

चुनी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

"वारादादा, वारादादा, ऊठ ना! चिंच पडेना, टाकी घुंगरू देईना!"

वाऱ्याने जांभई दिली. "आऽऽ! कोंबडा आरवेल, तर उठेन."

चुनी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

"कोंबडेबुवा, कोंबडेबुवा, आरवा ना! वारा उठेना, चिंच पडेना, टाकी घुंगरू देईना!"

कोंबडा म्हणाला, "उपाशीपोटी कसा आरवू? मावशी दाणे टाकेल, तर आरवेन."

चुनी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

"मावशी, मावशी, दाणे टाक ना! कोंबडा आरवेना, वारा उठेना, चिंच पडेना, टाकी घुंगरू देईना!"

मावशी म्हणाली, "अगं, डबा रिकामा! दाणे बाजारात, बाजार लांब. फटफटीची टाकी साफ होईल, तर दाणे आणीन."

टाकी? परत टाकी?

चुनी गोंधळली. टाकीला हवी चिंच. चिंचेला हवा वारा. वाऱ्याला हवा कोंबडा. कोंबड्याला हवे दाणे. दाण्यांना हवी टाकी! आता जायचं कुठे?

ती इकडे पळाली. तिकडे पळाली. गरगर गरगर. धप्प! नाक मातीत.

मातीत काय? वळवळ वळवळ. गांडूळ!

"कोंबडेबुवा, दाणे नाहीत. हे चालेल?"

"चालेल? पळेल!" कोंबडा म्हणाला. गट्टम!

मग काय! कोंबडा आरवला, कुकूचकू! वारा उठला, सुंईऽऽ! चिंच पडली, टप टप! चुनीने ती ओढत ओढत टाकीपाशी आणली.

मावशी हसली. "शहाणी गं माझी चिचुंद्री! चिंचेने भांडी लख्ख निघतात, मग टाकी का नाही?"

मावशीने चिंच कोळली. पाणी टाकीत ओतलं. मुरू दिलं. मग टाकी हलवली. खुळखुळ खुळखुळ!

"गंज खरवडायला खडे तर घातलेच नाहीत. मग वाजतंय काय?" आता मावशीही गोंधळली. घुंगरू ती विसरूनच गेली होती.

आत घुंगरू नाचत होतं. गंज खरवडत होतं. मावशीने टाकी उलटी केली. लाल लाल पाणी आलं, भळ्ळ! मागून आलं घुंगरू, टुण्!

पण हे तर पिवळंधमक!

"हे माझं नाही," चुनी रडवेली झाली. "माझं काळं होतं."

"वाजवून तर बघ!" मावशी म्हणाली.

छुनुक छुनुक.

"अगंबाई! माझंच की!"

टाकी उन्हात वाळली. मावशीने आत लेप ओतला. गोल गोल फिरवला. आता गंज येणार नाही. टाकी बसवली, पेट्रोल भरलं. फटफटी निघाली बाजाराला, फट फट फट! कोंबड्याला आले दाणे.

टाकीत बसला लेप, चुनीला लागली झोप. छुनुक.