आक्कांचा अर्धा तास

"आक्का, त्या अर्ध्या तासात तुम्ही नक्की कशाचं ध्यान करता?"

नीलांबरीने तीन वर्षं दाबून ठेवलेला प्रश्न शेवटी विचारलाच.

कृष्णाकाठच्या आमच्या लहानशा मठात आक्का रोज सकाळी उठून घोटभर पाणी घेत, डोळे मिटून बसत आणि अर्ध्या तासाने चहा मागत. तुम्हीही असं करा, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण शिष्यांना सांगावं लागतंय कुठे? सगळा मठ घोटभर पाणी पिऊन उपाशीपोटी बसायला लागला. नीलांबरी तर घरीही बसायची. एक दिवस चुकवला नाही, हे चारचौघांत सांगायचीसुद्धा.

"तू आधी सांग, कितवा महिना?"

"चौथा. याआधी दोनदा टिकलं नाही, आक्का. या वेळी सगळं शुद्ध ठेवलंय. थायरॉइडची गोळीसुद्धा बंद केली, तीन आठवडे झाले. बाळाच्या अंगात औषध नको. साधना आहे ना पाठीशी."



आक्कांनी आसनाखालून एक डबी काढली. आत गोळ्यांची पट्टी होती. नीलांबरीने नाव वाचलं. तिचीच गोळी.

"बावीस वर्षं घेतेय. ही घेतली की अर्धा तास चहा नाही, असं डॉक्टर म्हणाले. डोळे उघडे ठेवले की पाय स्वयंपाकघराकडे वळतात. म्हणून मिटते."

"म्हणजे... ध्यान?"

"चहाचं."

मला हसू येत होतं, पण नीलांबरीकडे पाहून गिळलं. तिचा हात पोटावर गेला होता.

"बाळाला काही झालं असेल का हो?"

आक्कांनी तिला जवळ ओढून घेतलं.

"ते मला कसं कळणार, पोरी? डॉक्टरांना विचार, आजच. रक्त तपासतील, किती गोळी हवी ते ठरवतील. राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नकोस. लोहाची गोळी हिच्याबरोबर नको, चार तासांनी घे. आणि हे परकं औषध नव्हे गं. तुझ्या गळ्यात जे कमी पडतंय, तेच आहे हे. बाळही ते तुझ्याकडूनच घेतं."

नीलांबरी उठली. उंबऱ्याशी थांबली.

"मग माझी तीन वर्षांची साधना... वाया गेली?"

"वाया कशी जाईल? अर्धा तास तुझा तयारच आहे, बाई. गोळी तेवढी राहिली."