ढोलीच्या दारातली आजी

ऐनाच्या झाडांना कुऱ्हाड ठाऊक नव्हती, त्या काळी एका ऐनाच्या ढोलीत मधमाश्यांचे पोळे होते. तिथली एक म्हातारी माशी दिवसभर दारात उभी राहून पंख हलवी. मध आणणाऱ्या माश्या तिला चिडवत, "आजी, उडणार कधी? सकाळपासून दारातच आहेस."

वैशाखातल्या एका सकाळी त्यांनी तिलाही फुलांवर धाडले. दुपारपर्यंत ढोलीतली हवा कोंदली, मेण मऊ पडले आणि अळ्यांची घरे खचू लागली.

आजी परतली. जागेवर उभी राहून तिने पंख हलवायला सुरुवात केली. सर्वांत जास्त चिडवणारी माशी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आजी, किती वेळ हलवायचे?"

"बाहेर वैशाख आहे हे आतल्या बाळांना कळणार नाही, इतका वेळ."