गेरूची रेघ

पूर्वी शुभ्रा नदीच्या काठी पद्मतीर नावाच्या नगरात सुतनु राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका घाटपालाच्या कुळात जन्मला होता, आणि वडिलांच्या मागे नगरातल्या मोठ्या घाटाची व्यवस्था त्याच्याकडे आली होती.

घाटपालाचे काम काय, असे कोणी विचारले तर लोक म्हणत, "दिवसभर ओरडायचं, दुसरं काय!" पण हा घाटपाल कधी आवाज चढवीत नसे. पावसाळा सरला की नदीत कुठे वाळू साचली ते पाहून तो तिथे बांबू रोवून घेई. पायऱ्यांवरचे शेवाळ खरवडून घेई. रोज सकाळी पहिली नाव सुटण्याआधी तो नावांच्या फळ्यांवरून हात फिरवी आणि सांधे चाचपून बघे. ज्या नावेत पाणी उपसायचे भांडे नसेल, ती नाव त्या दिवशी काठालाच राही, मग नावाडी कितीही फुरंगटून बसो. शिवाय घाटावरच्या प्रत्येक नावेच्या बाहेरच्या अंगाला त्याने गेरूची एक तांबडी रेघ ओढली होती. माणसे चढवा, गाठोडी चढवा, शेरडे चढवा. पण पाणी रेघेला टेकले की फळी मागे ओढायची. उरलेल्यांनी पुढच्या फेरीची वाट बघायची.

या घाटावरच्या नावाड्यांचा म्होरक्या होता काळक. अंगाने आडवा, आवाजाने मोठा, मनाने लोणी. मात्र शकुन-अपशकुनाची गोष्ट निघाली की त्या लोण्याचा दगड होई. रेघेशी त्याचे भांडण नव्हते, पण नावाड्यांची एक जुनी चाल त्याला रेघेहून मोठी वाटे. ज्याचा पाय नावेला लागला तो नदीचा पाहुणा. नाव एकदा सुटून पुन्हा जमिनीला लागेपर्यंत त्याला खाली उतरवायचे नाही, अशी ती चाल. काळकाच्या चुलत्याने एकदा एका भांडखोर प्रवाशाला चढल्या पावली उतरवले होते, आणि त्याच फेरीत चुलता नदीत गेला. तेव्हापासून नावेत चढलेल्या माणसाला काळकाने कधी 'उतर' म्हटले नव्हते.

बोधिसत्त्व या चालीला हसत नसे. तो फक्त फळीच्या तोंडाशी उभा राही आणि पाय लागण्याआधीच माणसाला थांबवी. त्यामुळे रेघही राहिली आणि चालही राहिली, आणि घाटाचे दिवस सुखाने चालले होते.

पुढे राजाने पलीकडच्या तीरावर नवा घाट बांधला. कार्तिकातल्या एका शुभ दिवशी, दुपारच्या मुहूर्तावर त्याची पूजा ठरली. त्याच मुहूर्तावर आपल्या घाटपालाला साऱ्या नदीच्या घाटांचा अधिपती करायचे, असेही राजाने जाहीर केले. काळकाला तर आपल्याच घरात कार्य निघाल्यासारखे झाले. भेटेल त्याला तो सांगत सुटला, "आमचा घाटपाल! आमच्याच पायरीवर लहानाचा मोठा झालेला!"

तो दिवस उजाडला आणि सारे नगर घाटावर लोटले. नावा भरून जात होत्या, रिकाम्या होऊन येत होत्या. काळकाची लेक कुमुदा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे सासर पलीकडच्या तीरावर. त्याच दिवशी तिला पोचवायचे ठरले होते. काळकाने तिला आपल्या नावेत मधोमध, उन्हाच्या उलट्या बाजूला बसवले आणि तिच्या मांडीवरच्या तान्ह्याकडे बघून उगाचच घसा खाकरला. नातवाला निरोप द्यायचा म्हणजे त्याला जिवावर आले होते.

पाणी रेघेला टेकले. बोधिसत्त्वाने फळी मागे घेतली आणि तो नावेच्या दुसऱ्या टोकाशी दोर सोडायला गेला. नेमका त्याच वेळी राजा आला. राणी आणि पुरोहित राजनौकेतून केव्हाच पलीकडे गेले होते. राजा एका तंट्याचा निवाडा करण्यात अडकला होता, आणि आता मुहूर्त गाठायला धावतपळत आला होता. बाकी सगळ्या नावा पलीकडे गेलेल्या. या तीरावर उरली होती ती काळकाची एकटी नाव.

राजा पायऱ्या उतरून आपल्याच नावेकडे येतो आहे हे पाहून काळकाचे भान हरपले. त्याने पटकन हात पुढे केला. राजाने तो धरला आणि नावेत पाय टाकला. त्याच्यामागून छत्रधारी चढला, दोघे अंगरक्षक चढले. नाव मचमचली, दाबली गेली. लोक दाटीवाटीने सरकू लागले. तेव्हा राजा हसून म्हणाला, "माझ्यापायी कुणाला उठवू नका हं. मी इथे कडेला बसेन."

"केवढ्या मनाचा राजा आपला!" असे म्हणत लोकांनी जयजयकार केला.

बोधिसत्त्व परत आला. त्याने राजाला नमस्कार केला, मग वाकून नावेच्या अंगाकडे पाहिले.

"काळका, रेघ कुठे आहे?"

काळकाने डोकावून पाहिले. त्याचा चेहरा पडला. "आहे की," तो म्हणाला. "पाण्याखाली आहे."

"महाराज, ही नाव अशी जाणार नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "आपण उतरावे. दुसरी नाव आली की मी स्वतः आपल्याला नेईन."

राजा रागावला नाही, पण त्याला ते लागले. "घाटपाल, ही रेघ कुणी ओढली?"

"मीच, महाराज."

"मग तूच ती वीतभर वर ओढ."

"ओढतो, महाराज. गेरूही आहे, कुंचलाही आहे. पण पाण्याला कोणी सांगायचे?"

एकदोघे खुसुखुसू हसले. राजाही हसला. म्हणाला, "वाऱ्याची झुळूक नाही, आणि तू मला बुडण्याच्या गोष्टी सांगतोस! सोड दोर."

काळक मध्ये पडला. हात जोडून म्हणाला, "घाटपालदादा, पाय लागलाय हो! आता कुणाला उतरवलं तर नदी सोडायची नाही. लेक बसलीय माझी आत." रेघ बुडाली होती हे त्याला दिसत होते. पण चुलत्याची आठवण त्याला जास्त भिववीत होती.

बोधिसत्त्वाने वाद घातला नाही. "महाराज, एक मागणे आहे," तो म्हणाला. "नाव आधी घाटाच्या कडेकडेने त्या खालच्या पायरीपर्यंत नेऊ द्या. तिथवर पाणी कमरेएवढेच आहे. तेवढी नीट गेली तर मी पुढे अडवणार नाही."

"चल, तुझी हौस फेड," राजा म्हणाला.

दोर सुटला. बोधिसत्त्व पाण्यात उतरून नावेच्या बाजूने चालू लागला. काळकाने वल्हे मारले. नाव जड जड सरकली. घाटावरच्या गर्दीतून कोणीतरी राजाच्या नावाने आरोळी दिली, आणि राजाला बघायला नावेतली माणसे एका अंगाला वळली. तेवढे पुरे झाले. नाव कलली आणि काठावरून पाणी भसाभसा आत आले. बायका किंचाळल्या. एक म्हातारी ओरडली, "अरे मेल्यांनो, बसा की जागच्या जागी!" कुमुदाने बाळाला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरले होते आणि ती बापाकडे बघत होती. काळकाच्या हातातले वल्हे गळाले. आपल्या लेकीच्या डोळ्यांत असली भीती त्याने जन्मात पाहिली नव्हती.

बोधिसत्त्वाने खालून नावेला खांदा दिला होता. "हलू नका," तो म्हणाला. "पाणी कमरेएवढेच आहे. कोणीही हलू नका." त्या शांत आवाजाने माणसे जागच्या जागी थबकली. तशीच त्याने नाव हळूहळू पुढे नेली आणि खालच्या पायरीला लावली.

"काळका," तो म्हणाला, "मागे वावटळीत तू अर्ध्या नदीतून नाव परत आणली होतीस. माणसे या तीरावरच उतरली. नदी कोपली का?"

"नाही," काळक म्हणाला. "फेरी झाली होती ना. नाव सुटली, जमिनीला लागली."

"आत्ताही सुटली, आणि आत्ताही लागली."

काळक पायरीकडे बघत राहिला. तेवढ्यात पलीकडच्या तीरावर शंख वाजला. मुहूर्त जवळ आल्याची ती खूण होती. राजाची पावले भिजली होती, मन चलबिचल झाले होते, पण शंख ऐकताच तो उतावीळ झाला. "घाटपाल, आता पाणी उपसा आणि निघा. मी उतरलो तर मुहूर्त टळेल. तुझा अधिकारही त्याच मुहूर्ताशी बांधलेला आहे. असा योग पुन्हा वर्षाने येतो."

"टळू द्या, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "वर्षभर मी याच घाटावर रेघा ओढीन. ही माणसे मात्र वर्षाने परत येणार नाहीत."

सगळ्यांनाच पलीकडे जायचे होते. राजासमोर पहिल्याने उठायचे कोणी?

मग काळक उठला. लोकांतून वाट काढीत तो कुमुदापाशी गेला आणि त्याने हात पुढे केला. नावेतले सगळे त्याच्याकडे बघत होते.

"उतर, पोरी," तो म्हणाला.

कुमुदा उतरली. बाळाला पोटाशी धरून ती पायरीवर उभी राहिली. राजाने काळकाकडे पाहिले, त्या ओल्या पायरीवरच्या मुलीकडे पाहिले, आणि मग तोही उठला. त्याच्यामागून छत्रधारी आणि अंगरक्षक उतरले. लोकांनी पाणी उपसून काढले. तांबडी रेघ पुन्हा पाण्यावर दिसू लागली, आणि काळकाने नाव हाकारली.

नाव ऐन मध्यावर असताना दुपारचा वारा सुटला. लाटा नावेच्या काठापर्यंत चढल्या, ओंजळ-ओंजळ पाणी आत सांडले आणि लाटा उतरल्या. कोणीतरी उपसायचे भांडे उचलले. काळकाने एकदाच मागे वळून पाहिले. दूर पायरीवर त्याची लेक उभी होती, आणि तिच्यावर राजाचे छत्र धरलेले होते. तो मोठ्याने रडू लागला. माणसांना वाटले, हा वाऱ्याला भ्याला.

परत आल्यावर त्याने बोधिसत्त्वाचे पाय धरले. बोधिसत्त्व म्हणाला, "अरे, आधी लेकीला पोचव. तिकडे सासू वाट बघत असेल." राजाने पलीकडची पूजा विनामुहूर्ताचीच केली. अधिकार देण्याचा समारंभ त्या वर्षी झाला नाही. पण राज्यातल्या प्रत्येक नावेवर गेरूची रेघ असावी, अशी दवंडी संध्याकाळच्या आत पिटली गेली. बोधिसत्त्व दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा घाटावर आला आणि सांधे चाचपू लागला.

नदीकाठी नावेची वाट पाहत बसलेल्या भिक्खूंना ही कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा सुतनु राजा म्हणजे आजचा भिक्खू आनंद. कुमुदा म्हणजे आजची भिक्खुणी उत्पलवर्णा. काळक म्हणजे तुमच्यात मागे बसलेला हा वृद्ध भिक्खू, जो आत्ता डोळे पुसतो आहे. दाटीवाटीने बसून राजाचा जयजयकार करणारे लोक म्हणजे तुम्ही सर्व. आणि घाटपाल मीच होतो. राजा आज्ञा करतो, लोक घाई करतात, आपला लाभही खुणावतो, तरी दुसऱ्यांच्या जिवासाठी जो आपल्या जागेवरून ढळत नाही, त्याने अढळ निश्चयाची अधिष्ठान पारमिता पाळली असे समजावे."